रहस्यकथा आणि मराठी समीक्षा

रहस्यकथेला ‘रंजनपर’ ठरवून मराठी समीक्षेने तिच्या वाचनातून स्वतःची सुटका करून घेतली. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणारे बाबूराव अर्नाळकर (मृत्यू १९९६) वाङ्मयेतिहासात बहुधा संख्येपुरतेच उरतात. झुंजार व काळा पहाड यांनी वाचनाची गोडी लावलेला वाचक अनुल्लेखितच राहतो. नारायण धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली आहे, एवढे सांगून भागत नाही. परकीय भय मराठी उंबरठा कसे ओलांडते, हा प्रश्न रूपांतराच्या अभ्यासात का नसावा? त्यानंतर रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचाव्यात. तेथील भय अनेकदा परिचित माणसांतूनच उद्भवते. अर्नाळकरांच्या स्वस्त कागदावरील पुस्तिका मात्र अभ्यासकांनी आधी मिळवाव्यात; धारप-मतकरींची पुनर्मुद्रणे निघतात, त्या पुस्तिकांचा कागद झिजतो आहे.