तारा जोडणारे हात आराखड्यात कुठे आहेत?

16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात झाडं तारांवर कोसळली, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात राहिली. त्यात कोरोनाची दुसरी लाट. 21 मे रोजी मुख्यमंत्री मालवणला येऊन पाहणी करून गेले. खांबावर चढले ते वायरमन. त्यात महावितरणचे कायम कर्मचारी होते, बाहेरच्या जिल्ह्यांतली पथकं होती आणि कंत्राटी पोरंही होती.

'हरित मनुष्यबळ व्यवस्थापन' आणि 'संकटकाळातली लवचिकता' हे शब्द सध्या व्यवस्थापनाच्या वर्गांत जोरात आहेत. कागद वाचवा, मुलाखती ऑनलाइन घ्या, एसी कमी लावा. बऱ्याच कंपन्यांची हिरवाई इथंच संपते. आम्ही मात्र एवढंच विचारतो की निसर्ग सांभाळणारं काम कोण करतं आणि त्या माणसाला शिक्षण, सुरक्षा, अधिकार किती मिळतात?

वेंगुर्ला नगरपरिषदेचा कचरा डेपो लोक आज बघायला जातात. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात. कौतुक अधिकाऱ्यांचं झालं, व्हावंच. पण कचरा रोज उचलणारा, निवडणारा सफाई कामगार नसता तर यातलं काय उभं राहिलं असतं? हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या वस्त्यांच्या वाट्याला आलं, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

त्याच वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. खाडीची भरती-ओहोटी त्यांना तोंडपाठ. अशी माहिती असलेली माणसं हाताशी असतील तरच यंत्रणा संकटात चटकन हलते. मालवणात स्कुबा गाइड झालेल्या मच्छीमारांच्या पोरांकडेही समुद्राची तीच जाण आहे. पण पावसाळ्यात जलपर्यटन बंद झालं की त्यातल्या अनेकांची कमाई थांबते, आणि वादळं नेमकी मे-जूनच्या तोंडावर येतात.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. कामगार, मालक आणि सरकार यांना एकत्र बसवणारी त्रिपक्षीय परिषद 1942 मध्येच सुरू झाली. आपत्तीच्या नियोजनात मात्र कामगार आजही हुकूम ऐकणाराच राहिला आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असतो आणि दरवर्षी त्याचा आढावा घ्यावा लागतो. किनाऱ्यावरच्या आपल्या तरुणांनी माहिती अधिकारात तो मागावा. कंत्राटी वायरमन आणि सफाई कामगारांचा विमा, सुरक्षा साधनं, वादळातल्या जादा कामाचा मोबदला त्यात कुठल्या पानावर आहे ते बघावं. नसेल तर पुढच्या आढाव्याआधी, पावसाळ्याच्या आत, त्याच कामगारांना सोबत घेऊन जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यावं.