सहा महिन्यांची टांगती तलवार

बजबज हे हुगळीकाठचे तेलडेपोंचे आणि ताग गिरण्यांचे गाव. रस्त्यावर टँकरची वर्दळ. समजा, तेथे नोकरीस असलेला आपला एखादा रेल्वे वा टपाल कामगार टँकरखाली सापडून जखमी झाला किंवा दगावला. कुटुंब साताऱ्याला. त्यांनी दाव्यासाठी कलकत्त्याच्या खेपा घालायच्या काय?

मुळीच नाही! मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अर्जदार राहतो तेथील न्यायाधिकरणातही दावा लावता येतो. चालकाचा परवाना बोगस निघाला एवढ्यावरून विमा कंपनीला हात झटकता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले. फंड व कुटुंब निवृत्तिवेतन मिळते म्हणून भरपाई कापता येत नाही, हे १९९८ मध्ये आपल्या एस. टी. महामंडळाच्याच खटल्यात ठरले.

खरी अडचण मुदतीची. १९९४ मध्ये रद्द झालेली सहा महिन्यांची अट २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली. १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. सहा महिन्यांत मोडलेले हाड धड जुळत नाही, तिथे कागद कसे जुळावेत? मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. पण अंतरिम दिलासा म्हणजे हक्क नव्हे. ही अट कायद्यातूनच गेली पाहिजे, ही आमची मागणी आहे.

तोवर शाखांनी गाफील राहू नये. अपघात कळताच पोलिसातील खबर, पंचनामा, दवाखान्याचे कागद व गाडीच्या विम्याची नक्कल मिळवावी आणि सहा महिन्यांच्या आत दावा लावावा. जखमी सोबती अंथरुणावर असताना धावपळ संघटनेनेच करायची असते.