माणसाच्या क्लोनिंगवर बंदीचा कायदा करा!



तरणाताठा मुलगा अपघातात गेला, उपचारांची शर्थ करूनही सहा वर्षांची लेक हाती लागली नाही, अशा घरात उद्या कोणी येऊन म्हणाले, "पेशी जपून ठेवल्या असतील तर तुमचे लेकरू परत देतो," तर आईबाप जमीन विकतील, कर्ज काढतील. त्यांना दोष देण्याची आमची छाती नाही. मूल व्हावे म्हणून वर्षानुवर्षे दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवणारी जोडपीही अशा बोलण्याला भुलतील. माणसाच्या क्लोनिंगची ओढ शोकातून आणि आशेतून जन्मते, आणि म्हणूनच तिचा बाजार मांडणे सोपे आहे. अमेरिकेत मेलेल्या कुत्र्यामांजरांचे क्लोन करून देणाऱ्या कंपन्या आज उघडपणे धंदा करीत आहेत. माणसाच्या बाबतीत तशी दुकाने उघडण्यापूर्वीच बोलले पाहिजे.

गेलेले माणूस परत येत नाही

क्लोनिंगमध्ये एका स्त्रीच्या बीजांडातले केंद्रक काढून टाकतात, त्या जागी मूळ व्यक्तीच्या पेशीतले केंद्रक बसवतात आणि तयार झालेला गर्भ दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात वाढवतात. जन्मते ते मृताचे उशिरा आलेले जुळे भावंड. एकाच घरात, एकाच ताटात जेवून वाढलेली एकसारखी जुळी दोन वेगळी माणसे होतात, हे कोणत्याही आईला विचारा. मग दहा वर्षांनी, वेगळ्या पोटी, वेगळ्या काळात जन्मलेले मूल 'तेच' कसे असेल? सारखे रूप मिळेल याचीही हमी नाही. 2001 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये पहिले क्लोन केलेले मांजर जन्मले. मूळ मांजर तिरंगी होते, पिल्लाच्या अंगावर नारिंगी रंगाचा ठिपकाही नव्हता. 'तुमचे माणूस परत देतो' हे वाक्य सरळसरळ खोटे आहे.

किंमत कोण मोजणार?

1996 मध्ये स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत डॉली मेंढी जन्मली. जगाने एक कोकरू पाहिले. त्यामागे 277 प्रयत्न होते. त्यांतून 29 गर्भ 13 मेंढ्यांच्या पोटात सोडले आणि त्यांतले एकच जिवंत जन्मले. 2009 मध्ये आपल्या देशात कर्नालच्या संस्थेत म्हशीचे पहिले क्लोन पारडू जन्मले आणि काही दिवसांतच दगावले. 2018 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी माकडांचे क्लोन जाहीर केले. जन्माआधीच्या गर्भाच्या पेशी वापरून 21 माद्यांमागे दोन पिल्ले जगली. प्रौढ माकडाच्या पेशी वापरल्या तेव्हा 42 माद्यांमागे दोन पिल्ले जन्मली आणि दोन्ही मेली.

आता मेंढीच्या आणि माकडिणीच्या जागी बाई ठेवा. किती गर्भपात, किती मृत अर्भके, किती आजारी लेकरे? बीजांडे काढण्यासाठी संप्रेरकांची इंजेक्शने कोण घेणार? ज्यांच्या घरी चूल पेटवायला पैसा नाही त्याच बायका. दक्षिण कोरियात ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाने मानवी गर्भाच्या क्लोनिंगसाठी दोन हजारांहून अधिक बीजांडे वापरली. त्यांतली काही त्याच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक स्त्रियांची होती. पुढे सारा दावाच बनावट निघाला आणि 2006 मध्ये त्याचे शोधनिबंध मागे घेतले गेले. बायकांनी वेदना सोसल्या, हाती काहीच आले नाही.

"माझी पेशी, माझी मर्जी"?

असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर आहे : तुमच्या शरीरावर तुमचा हक्क आहे, जन्माला येणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या शरीरावर नाही. नातवंडाला आजोबांचे नाव ठेवून आपण "आजोबाच परत आले" म्हणतो, पण त्या बाळाला आजोबांसारखेच जगायची सक्ती करीत नाही. क्लोन केलेल्या मुलाला मात्र बोलावलेच असते दुसऱ्याची जागा भरायला. तो गात नसेल तर "दादा गायचा" ऐकावे लागेल. दादा ज्या वयात गेला ते वय जवळ आले की घर धास्तावेल. आईबापांच्या प्रेमाचे कारण आपण नसून दुसरे कोणी आहे, हे ज्याला पाळण्यातच भोगावे लागते त्याच्यावर तो अन्याय आहे. आणि हा अन्याय प्रेमापोटी झाला म्हणून हलका होत नाही.

महाराष्ट्राने हे भोगले आहे

'मर्जीचे मूल' या हट्टाने काय होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गर्भातला दोष शोधण्यासाठी आलेले तंत्र आपण मुली मारायला वापरले. 1988 मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, पण तोवर यंत्रे आणि दलाल गावोगाव पोचले होते. 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली उरल्या होत्या, बीड जिल्ह्यात 807. कायदा धंद्याच्या मागून आला की किती लेकी जातात, त्याचा हा हिशेब आहे. तीच चूक पुन्हा करायची का?

आमच्या मागण्या

1. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत मूल जन्माला घालण्यासाठी क्लोनिंग करण्यास मनाई आहे. पण मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. संसदेने बंदीचा स्वतंत्र कायदा करून तुरुंगवासाची शिक्षा ठेवावी. डॉलीच्या ब्रिटनने तसा कायदा 2001 मध्येच केला.
2. मृताच्या पेशी 'पुढे उपयोगी पडतील' असे सांगून क्लोनिंगच्या आशेवर पैसे उकळणे हा गुन्हा ठरवावा.
3. रोग बरे करण्यासाठी चाललेले मूलपेशींचे संशोधन या बंदीत भरडू नये. त्यावर कडक देखरेख असावी आणि बीजांड देणाऱ्या स्त्रीच्या जिवाची जबाबदारी संस्थेवर असावी.
4. क्लोन म्हणून कुठेही एखादे मूल जन्मलेच, तर त्याला इतर कोणत्याही मुलाइतकाच मान आणि हक्क मिळावा. गुन्हा करणाऱ्याचा असतो, जन्मणाऱ्याचा नाही.

ग्रामसभेत, महिला मंडळात, महाविद्यालयात हे पत्रक वाचा, त्यावर भांडा, ठराव करा आणि तो आपल्या खासदाराच्या हाती द्या. ज्यांच्या घरी शोक आहे त्यांच्याजवळ जाऊन बसा, म्हणजे त्यांना खोटी आशा विकणाऱ्याची गरज पडणार नाही. कोणतेही मूल दुसऱ्याच्या बदल्यात जन्माला येऊ नये. त्यासाठी कायदा आजच हवा!