फळकुटाखालची वीज

माझ्या अभ्यासिकेतील सागवानी मेजाच्या उजव्या कोपऱ्यावर गेल्या मार्गशीर्षापासून रुपयाएवढा एक काळा डाग आहे. माझ्या धाकट्या भावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत विजेवर चालणारा स्केटबोर्ड स्वहस्ते बनवण्याचा संकल्प सोडला होता, आणि त्याच मेजावर तो एके सायंकाळी सेल जोडीत बसला असता निकेलची एक पट्टी त्याच्या चिमट्यातून निसटून एका सेलच्या माथ्यावर आडवी पडली. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ठिणगी उडाली आणि ती पट्टी लाल होऊन लाकडात रुतली. मुलाने प्रसंगावधान राखून लाकडी सांडशीने तो सेल उचलला, गच्चीवरच्या रिकाम्या कुंडीत नेऊन ठेवला, आणि खाली येऊन मला एवढेच विचारले, "काका, धन टोक तर मधोमध आहे, पट्टी कडेला टेकली म्हणून ठिणगी का उडावी?"

या विद्येतला याहून महत्त्वाचा प्रश्न मला अद्यापि ऐकावयास मिळालेला नाही, आणि त्याचे उत्तर देऊ शकेल असा एकही मनुष्य त्या दिवशी आमच्या घरात, आमच्या वाड्यात किंवा त्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात नव्हता. उत्तर शोधण्यात आम्हा दोघांचे दोन दिवस गेले. हा सेल १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर उंचीचा असतो, म्हणून त्याला बाजारात '१८६५०' म्हणतात. वरचे टोक धन आणि खालचे ऋण, असे आपण शाळेत शिकलेल्या समजुतीने गृहीत धरतो. वस्तुतः बुडापासून थेट खांद्यापर्यंतचा त्याचा सगळा पोलादी डबा ऋणच असतो, आणि धन टोकाची टिकली त्या डब्याच्याच तोंडात, मध्ये केवळ एक निरोधक कडे घालून, बसवलेली असते. खांद्यावर जे काही संरक्षण असते ते रंगीत प्लास्टिकच्या वेष्टनाचे, आणि ते नखानेही ओरखडले जाते. म्हणून जाणते कारागीर प्रत्येक सेलच्या माथ्यावर निरोधक कागदाचे एक कडे आधी चिकटवतात व मगच पट्टीला हात घालतात. त्या कड्याची किंमत नगण्य आहे. पण ते हवे, हे सांगणारा कोणी तरी जवळ असावा लागतो.

माझे सारे म्हणणे या एका वाक्यात आले आहे. अशी वाहने घरी बनवू पाहणाऱ्या मुलांना आपण दोनच प्रकारांनी वागवतो: एक तर त्यांची तोंडभर स्तुती करतो, नाही तर त्यांना दटावून तो उद्योग बंद करावयास लावतो, आणि दोन्ही प्रकारांत, जेथे खरा धोका आहे नेमक्या त्याच जागी, त्यांना एकटे सोडतो. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आज कोणीही जाऊन मोटर, कंट्रोलर, सेल आणि तारा पिशवीत घालून घरी आणू शकतो. साहित्य गल्लोगल्ली पोहोचले आहे. त्या साहित्याचा संस्कार देणारी जागा मात्र कोठेच नाही.

सुतारकामाविषयी व लोखंडकामाविषयी मला फारसे लिहावयाचे नाही, कारण ती कामे हातावेगळी करण्याची परंपरा आपल्याकडे जिवंत आहे. फळी आमच्या पेठेतल्या सुताराने सात थरांच्या प्लायवुडमधून कापून दिली. मोटर ज्यावर बसते ती ॲल्युमिनियमची ताटली भोसरीच्या एका लेथवाल्याने चहाचा पेला संपावयाच्या आत कातून दिली, आणि वर मुलाला बजावले की हादऱ्यांनी सारे स्क्रू ढिले होतात, म्हणून प्रत्येकाच्या आट्यांत लॉकटाइटचा एक थेंब सोडल्याशिवाय तो पिळू नकोस. त्या अनोळखी गृहस्थाने विद्यादान केले ते असे, न मागता. असाच एक जाणता विजेच्या बाजूला भेटला असता तर माझे मेज शाबूत राहिले असते, आणि त्याहून मोलाच्या काही गोष्टींची चिंता मला वाहावी लागली नसती.

कारण नवशिक्याची खरी परीक्षा गणितात होते. मुलाने निवडलेली मोटर दर व्होल्टला मिनिटास १९० फेरे घेणारी होती. ओळीने दहा सेल जोडावे, म्हणजे सुमारे ३६ व्होल्ट मिळतील, असा त्याचा पहिला बेत. मी त्याला कागद पुढे ओढून हिशेब मांडावयास लावला: फेरे झाले ६,८४०, मोटरवरचे दातेरी चाक १६ दात्यांचे व धावत्या चाकावरचे ३६ दात्यांचे, म्हणजे चाकाला फेरे ३,०४०, चाकाचा व्यास ९० मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात २८३ मिलिमीटरांची वाटचाल, एकूण वेग, निदान कागदावर तरी, ताशी पन्नास किलोमीटरांच्या वर. हॅन्डल नाही, आसन नाही, पायांखाली एक फळकूट आणि त्यावर उभा सतरा वर्षांचा मुलगा! वेग दुप्पट झाला की अंगातली गतिज ऊर्जा चौपट होते, हे त्याने परीक्षेत लिहिले होते. पण ते सूत्र स्वतःच्या गुडघ्यांना लागू पडते, हे त्या कागदावर त्याला प्रथम दिसले. त्याने आपणहून दहाचे सहा केले. कागदावरचा वेग एकतीसवर आला, आणि भार पडल्यावर प्रत्यक्षात तो पंचविशीच्या आसपास राहील. तीन-तीन सेलांचे असे सहा संच, एकंदर अठरा सेल; पंधरा किलोमीटरांच्या फेरफटक्याला ते पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट थांबण्याची. या फळीला घर्षणाचा ब्रेक नसतो. थांबवावयाचे असेल तेव्हा मोटरच जनित्र बनते आणि वाहनाची गती विजेच्या रूपाने परत बॅटरीत ओतते. योजना मोठी सुंदर आहे. परंतु बॅटरी काठोकाठ भरलेली असताना कोणी घरातून निघून थेट उताराला लागला, तर परतणाऱ्या विजेला आत जागाच नसते. विद्युत्दाब मर्यादेबाहेर चढतो, सेलांवर पहारा ठेवणारे रक्षक मंडल बॅटरीचा संबंध तोडते, आणि त्याच क्षणी ब्रेकही नाहीसा होतो. अर्थात्, चढावर राहणाऱ्याने सेल ४.२ व्होल्टपर्यंत न भरता ४.१ वर थांबावे, आणि रक्षक मंडल कोणत्या वाटेवर बसवावे याचा निर्णय समजून-उमजून घ्यावा. बेंजामिन वेडर नावाच्या स्वीडिश अभियंत्याने २०१५ च्या सुमारास आपल्या कंट्रोलरचा सगळा आराखडा जगाला विनामूल्य खुला केला. त्याच्या आद्याक्षराने 'व्हेस्क' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या यंत्रात प्रवाहाच्या व दाबाच्या या सगळ्या मर्यादा स्वतः भरता येतात. एका माणसाच्या औदार्यामुळे जगभरच्या नवशिक्यांना हे साधन मिळाले आहे. तथापि कोणत्या रकान्यात कोणता आकडा भरावा, हे ते यंत्र सांगत नाही.

सेल खरेदी करण्याचा अनुभव मात्र सांगितलाच पाहिजे. पहिल्या खेपेस एका दुकानदाराने मुलाच्या हाती जे सेल ठेवले त्यांच्या वेष्टनावर ९,९०० मिलिअँपिअर-तास अशी क्षमता छापलेली होती. या आकाराच्या उत्तमातल्या उत्तम सेलची क्षमता साडेतीन-चार हजारांपलीकडे जात नाही. आमचे सेल मोजून पाहता आठशेवर आटोपले. जुन्या लॅपटॉपांतून काढलेल्या मालाला नवे वेष्टन घातले होते. मला राग पैशांचा आला नाही. असमान, थकलेले सेल एका संचात बसवले की सशक्त सेल अशक्तात वीज ढकलतात, अशक्त तापतो, आणि लिथियमचा सेल मर्यादेबाहेर तापला की त्याची उष्णता शेजाऱ्याला पेटवीत पुढे सरकते. कारखानदारांच्या विद्युत्वाहनांना आगी लागल्या तेव्हा सरकारने २०२२ साली बॅटरीच्या सुरक्षिततेचे मानक कडक केले, आणि ते योग्यच झाले. मुलांच्या हाती जाणाऱ्या सुट्या सेलांची खातरजमा करण्याची तजवीज मात्र कोणी केलेली दिसत नाही.

कायद्याची स्थिती अशी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या तरतुदीनुसार ज्या विद्युत्वाहनाच्या मोटरची अर्ध्या तासाची शक्ती ०.२५ किलोवॉटहून कमी व महत्तम वेग ताशी २५ किलोमीटरांहून कमी असेल, ते मोटार वाहन समजले जात नाही. पण त्याला अट अशी की नेमून दिलेल्या चाचणी संस्थेने त्याची तपासणी करून तसे प्रमाणित केले पाहिजे. अशा संस्थांपैकी एक, एआरएआय, आमच्याच पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीत आहे. कारखान्याला तेथे जाणे परवडते. एकुलते एक फळकूट घेऊन आलेल्या मुलासाठी ती व्यवस्थाच नव्हे. सबब सार्वजनिक रस्ता त्याला मोकळा नाही, आणि पुण्याच्या रहदारीकडे पाहता तो मोकळा नसावा, असेच माझे स्पष्ट मत आहे. परंतु रस्त्यावर मज्जाव करताना मैदानावर मुभा देणे हे नगरपालिकांचे व महानगरपालिकांचे कर्तव्य ठरते. पहाटेचे दोन तास, शिरस्त्राण व गुडघ्यांची कवचे यांची सक्ती, आणि एक राखीव क्रीडांगण, एवढ्याने भागेल.

मुलांना ही जोडणी शिकवण्यासाठी नवी संस्था उभारण्याची गरज नाही. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, आणि विद्युत् विभागाच्या त्यांच्या कार्यशाळांत मोजमापाची साधने, अग्निशामक नळकांडी व चाळीस-चाळीस वर्षे तारा ओढलेले निदेशक आहेत. रविवारी त्या कार्यशाळांना कुलूप असते. माझी मागणी इतकीच आहे की प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तरी संस्थेने रविवारी सकाळी एक मेज परिसरातल्या नवशिक्यांना खुले ठेवावे, निदेशकाला त्या दिवसाचे रीतसर मानधन द्यावे, आणि सेल तपासल्याशिवाय कोणालाही जोडणी करू देऊ नये. जबाबदारी कोणी घ्यावयाची, हा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो पोकळही नाही. परंतु हेच काम जेव्हा घरातल्या पलंगावर, रात्री, दार लोटून होते, तेव्हाही त्याची जबाबदारी कोणाची तरी असतेच, आणि अपघात झालाच तर ती त्या घराला फार महाग पडते.

असे हाताने करून शिकणे आपल्या प्रकृतीला परके नाही. यांत्रिक आरेखन शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, आणि त्याच उद्यमातून पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर निघाला. मोठ्या कंपनीतल्या संशोधनाचे पद सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम काढला, तो हाताने करीत करीत मुलाला विज्ञान समजते या श्रद्धेवर. अमेरिकेबाहेरची पहिली 'फॅब लॅब', म्हणजे वस्तू घडवण्याची खुली प्रयोगशाळा, २००२ साली त्याच कोरडवाहू गावात उभी राहिली. पाबळला जे शक्य झाले ते सोलापूरला, अकोल्याला, रत्नागिरीला का होऊ नये, याचे समर्पक कारण मला कोणी सांगितलेले नाही.

आमच्या मेजावर आता काळ्या कडप्प्याची एक फरशी टाकली आहे, आणि तिच्या शेजारी वाळूने भरलेली बादली असते. बॅटरी पुरी झालेली नाही. ती जाणत्या नजरेखालीच पुरी करावयाची, असे आम्हा दोघांचे ठरले आहे. जवळच्या प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्यांकडे मुलाने स्वतःच्या अक्षरात एक अर्ज लिहिला आहे. अर्जासोबत त्याने नव्याने घेतलेल्या वीस सेलांचा तक्ता जोडला आहे: प्रत्येकाचा दाब, प्रत्येकाची मोजलेली क्षमता, आठ दिवस नुसते ठेवल्यावर उरलेला दाब. सतराव्या सेलासमोर तांबड्या शाईने त्याने शेरा मारला आहे, 'आठ दिवसांत दाब उतरला, वापरू नये.'