आनंदाचा नेम

‘नेम’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे उपवास, मौन, पहाटेचे स्नान येते. काहीतरी सोडणे म्हणजे नेम, अशी आपली समजूत. आनंद करणे हाही नेम असू शकतो, असे कोणी म्हटले असते तर पूर्वी आम्हीही हसलो असतो.

ख्रिस्ती साधनेत मात्र त्याला स्थान आहे. रिचर्ड फॉस्टर या अमेरिकन क्वेकर लेखकाने १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बारा साधना सांगितल्या. पहिली ध्यानाची, प्रार्थना आणि उपवास त्यांत आहेतच, शेवटची मात्र उत्सवाची. विचार अर्थात फार जुना आहे. बायबलात नहेम्याच्या ग्रंथात धर्मशास्त्राचे वाचन ऐकून रडणाऱ्या लोकांना शोक आवरून गोडधोड खाण्यास आणि ज्यांच्या घरी काही नाही त्यांना वाटा पाठविण्यास सांगितले आहे. पौलाने फिलिप्पैकरांना आनंद करण्याविषयी लिहिले, तेही बंदिवासातून. म्हणजे हा आनंद मनःस्थितीवर सोपविलेला नाही. तो वेळ झाली की करावयाचा, आणि वाटून करावयाचा.

आपल्या मराठीत याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पुढे काही वर्षांनी दोघांचा संसार पुन्हा जुळला. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन यांचा ठेवा सोडला नाही. नव्या उपासनेत तो सोबत नेला. आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आश्चर्य वाटते ते हेच, की इतके दारिद्र्य, इतका वियोग सोसलेली ही बाई स्वतःच्या फजितीवर किती मोकळेपणाने हसते! दुःख नाकारलेले नाही. पण घराची किल्ली त्याच्या हाती दिलेली नाही.

हे आम्हांला कळले ते मात्र पुस्तकातून नव्हे. २०२१ च्या साथीत आमचे वडील गेले. त्याच साथीत शाळेतील एका तेलुगू ख्रिस्ती शिक्षिकेचे यजमानही गेले. त्या वर्षी आमच्या दारी आकाशकंदील लागला नाही. वर्षाच्या आत सण कसला, हे आईचे म्हणणे. आम्हांलाही तेच योग्य वाटले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्या बाई झाकलेले ताट घेऊन दारात उभ्या. केक आणि अरिसेलु, म्हणजे आपल्या अनारशांची तेलुगू बहीण. आदल्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे मुलांना घेऊन मेदकच्या चर्चला जाऊन आल्या होत्या. दुष्काळात लोकांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावे म्हणून ज्याचे बांधकाम चालविले, आणि १९२४ च्या नाताळलाच ज्याचे समर्पण झाले, तेच हे चर्च.

आईने न राहवून विचारले, “यंदासुद्धा केलेस?”

त्या म्हणाल्या, “अम्मा, सण माझा असता तर केला नसता. जन्मदिवस त्याचा आहे. रात्रभर रडले, सकाळी पीठ मळले.”

आई काही बोलली नाही. ताट मात्र तिने स्वतः आत नेले.

आपापल्या घरची रीत आपण पाळावी. शोकालाही त्याचा काळ द्यावा. पण आनंद हे सुखी माणसाचे बक्षीस नसून दुःखी माणसाचेही कर्तव्य असू शकते, हे त्या ताटाने आम्हांस शिकविले.

तीन आठवड्यांनी संक्रांत आली. घरात सण नव्हताच. तरी सकाळी आईने तीळ भाजावयास घेतले आणि म्हणाली, “त्यांचे ताट रिकामे कसे पाठवायचे?”