जर्मन भाषाविज्ञान : पदवी आणि उपजीविका

हानोवरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, तिचा निषेध केला म्हणून १८३७ साली ग्यॉटिंगेन विद्यापीठातील सात प्राध्यापक बडतर्फ झाले. याकोब आणि विल्हेल्म हे ग्रिम बंधू त्यांपैकी दोघे. जर्मन व्याकरणाला ऐतिहासिक बैठक देणारा याकोब असा एकाएकी निर्वाहाच्या साधनाला मुकला, तेव्हा लाइपझिगच्या प्रकाशकांनी दोघा बंधूंपुढे जर्मन भाषेच्या बृहत्कोशाची योजना ठेवली. १८३८ मध्ये अंगीकारलेले हे कार्य त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. १९६१ मध्ये ते ३२ खंडांत सिद्धीस गेले. मधल्या सव्वाशे वर्षांत या कोशाने अभ्यासकांच्या कित्येक पिढ्यांना काम दिले. जर्मन भाषाविज्ञानात एम. ए. करून पुढे काय, या प्रश्नाचा विचार करताना ही हकीकत दृष्टीआड करता येत नाही. या पदवीचे व्यावहारिक मोल केवळ तिच्या अभ्यासक्रमावर अवलंबून नसते. समाजाने भाषेसाठी कोणती कार्ये हाती घेतली आहेत, त्यावर ते ठरते.

जर्मनीत हा अभ्यासक्रम सामान्यतः चार सत्रांचा आणि १२० श्रेयांकांचा असतो. स्वनविचार, पदविचार, वाक्यविचार व अर्थविचार ही त्याची मुख्य अंगे. भाषेचा इतिहास, बोलींचा अभ्यास आणि संगणकीय पाठसंग्रहांचे विश्लेषण यांची त्यांस जोड मिळते. या शिक्षणाने बुद्धीला शिस्त लागते. परंतु एखादा ठरावीक व्यवसाय हाती येतो असे नव्हे. शाळेत जर्मन शिकविण्याचा सरळ मार्गही येथून जात नाही. त्यासाठी वेगळे अध्यापक-शिक्षण आणि त्यानंतरची उमेदवारी लागते.

तथापि वाटा नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. मान्हाइम येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन भाषा संस्थेच्या पाठसंग्रहात आज ५० अब्जांहून अधिक शब्द आहेत. बर्लिन-ब्रांडेनबुर्ग अकादमीत कोशकार्य चालू आहे. २००५ पासून अमलात आलेल्या स्थलांतरविषयक कायद्याने नवागतांच्या भाषाशिक्षणाची शासकीय व्यवस्था केली, आणि परकी भाषा म्हणून जर्मन शिकविणाऱ्यांची गरज त्यामुळे वाढली. भाषांतर व वाणी यांच्या संगणकीय तंत्रांतही भाषाविज्ञानाला स्थान आहे. मात्र तेथे व्याकरणाबरोबर संख्याशास्त्र व संगणकलेखन यावे लागते.

सर्वांत अनिश्चित वाट आहे ती विद्यापीठाचीच. २००७ च्या कायद्याने मुदतबंद नेमणुकांना डॉक्टरेटपूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षांची साधारण मर्यादा घातली. या व्यवस्थेचे समर्थन करणाऱ्या सरकारी चित्रफितीतील ‘हाना’ या काल्पनिक संशोधिकेचे नाव घेऊन २०२१ मध्ये असंख्य तरुण अभ्यासकांनी आपली व्यथा जाहीर केली. जो विभाग विद्यार्थ्याला प्राध्यापकपदाचे स्वप्न दाखवितो आणि ही वस्तुस्थिती सांगत नाही, तो त्याची फसवणूक करतो. पहिल्या सत्रातच कोशविद्या, अध्यापन वा संगणन यांपैकी एक जोडविद्या निवडण्याचा सल्ला देणे, हे विभागाचे कर्तव्य मानले पाहिजे.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांनाही यातून बोध घेण्याजोगा आहे. पांडुरंग दामोदर गुणे लाइपझिगला तौलनिक भाषाशास्त्र शिकले, आणि त्यांचा त्या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९१८ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. विद्या येथे आणता आली. परंतु ती शिकून आलेल्याला पिढ्यान्‌पिढ्या काम पुरवतील अशी कोशकार्यालये आणि पाठसंग्रह उभारणे हे एकट्या अभ्यासकाच्या आवाक्यातले नव्हे. ते शासनाचे, विद्यापीठांचे आणि प्रकाशकांचे काम आहे. ते झाल्यावाचून भाषाविज्ञानाकडे विद्यार्थी वळत नाहीत अशी तक्रार करण्याचा अधिकार त्यांपैकी कोणालाही पोचत नाही.