मोठ्या पडद्याचा मोह

विशाल वस्तूंचे मनुष्याला उपजतच आकर्षण असते. गडाच्या महादरवाजापुढे जशी मान आपोआप वर जाते, तशीच संगणकाच्या दुकानात मुलांची पावले सर्वांत मोठ्या मॉनिटरपुढे थबकतात. यात वावगे काही नाही. मात्र तोच हवा असा वडिलांकडे हट्ट धरण्यापूर्वी, हा मोठेपणा मोजावा कशाने, याचा विचार व्हावयास हवा.

२७ इंची म्हणविणाऱ्या पडद्याची रुंदी २७ इंच नसते. ती त्याच्या कर्णाची लांबी होय. नेहमीच्या आडव्या घडणीत रुंदी सुमारे साडेतेवीस इंचच भरते! शिवाय चित्र उमटते ते बारीक प्रकाशबिंदूंनी. एका ओळीत १९२० बिंदू आणि अशा १०८० ओळी असल्या, की एकूण २०,७३,६०० बिंदू होतात. २४ इंची पडद्यावरही तितकेच बिंदू असतील, तर २७ इंची पडद्यावर तेच बिंदू नुसते फुगून दिसणार. याउलट, २००१ साली आयबीएम कंपनीने काढलेल्या टी२२१ या मॉनिटरचा कर्ण सवाबावीस इंचांच्याही आत होता. पण त्यात ९२,१६,००० बिंदू होते. भव्य म्हणावे ते अशा पडद्याला!

अर्थात, विस्तारालाही मोल आहेच. नकाशा आणि त्याचे वर्णन शेजारी-शेजारी मांडून वाचणाऱ्यास ऐसपैस जागा हवी. १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी ऑल्टो हा संगणक घडविला, तेव्हा त्याचा पडदा त्यांनी मुद्दाम उभा ठेवला. कागदाचे एक सबंध पान त्यावर मावावे, एवढा तो मोठा होता.